'जोहरा'ची डावी बाजू

८ नोव्हेंबर

परत सगळे हललेले! दोनशे अकरा फोटो, धड चार. लग्नांच्या फोटोंत आठ वर्षं गेली, नवरीचं नाक माझ्यापासून चार हातांवर. तिथे जुना कॅमेरा पुरायचा. आता हा फुल फ्रेम मिररलेस आणि त्यावर १००-४०० झूमचं धूड. चारशेवर नेलं की श्वास घेतला तरी पक्षी चौकटीबाहेर.

प्राजक्ता (स्टुडिओ आम्हा दोघींचा) फोनवर म्हणाली, "शटर दोन हजारावर ने. आणि जरा शांत बस गो!" तेच तर जमत नाही.

११ नोव्हेंबर

आज जमले! खडकावर मोनोपॉड, कॅमेऱ्याची एका पायाची काठी, टेकवला, कोपर पोटाशी घट्ट. सुरय पक्षी पाण्यावर सूर मारतो तो क्षण – थेंब न् थेंब वेगळा. नऊनंतर मात्र उपयोग नाही. पाणी तापतं, हवा थरथरते, लांबचं सगळं विरघळल्यासारखं येतं.

मध्येच अब्बांची 'जोहरा' चौकटीत शिरली. आजीचं नाव बोटीला. पर्यटक घेऊन किल्ल्याकडे चाललेली. सुकाणूवर अब्बा, शेजारी हरीकाका. तीसेक फोटो काढले, घरी दाखवायला.

१२ नोव्हेंबर

ते तीस फोटो मोठे करून बघितले. हरीकाका अब्बांचा तीस वर्षांचा सोबती. त्याची जागा पुढे, दोर आणि नांगराजवळ. पण तो अब्बांच्या डाव्या अंगाला खेटून बसलाय, हात अब्बांच्या खांद्यावर. सगळ्या फोटोंत. एकामागून एक भराभर सरकवले – हात दाबतो, बोट वळते. हात सुटतो, बोट सरळ.

अम्मी म्हणाली, "दोगांची दोस्ती बघ मां!" हसली. मीही हसले.

१६ नोव्हेंबर, रविवार

गर्दी. डावीकडून दुसरी बोट आडवी आली. चौकटीत दोन्ही बोटींच्या नाळी, पुढची टोकं, एकमेकींना टेकलेल्या! अब्बांनी मान वळवली नाही. शेवटी काकानेच सुकाणू ढकललं.

पण चारशेवर सगळं चिकटूनच दिसतं. पुढचं-मागचं एकत्र येतं, पन्नास फुटांचं अंतर हातभर होतं. लेन्सचा गुण आहे तो, परवा फोटो दाखवताना अब्बांनाही सांगितला होता. घाबरायचं कारण नाही.

जेवताना अब्बांना विचारलं, "आज कोण आडवो इललो?"

"खंय? कोणच नाय."

आणि ताटातल्या बांगड्याचा काटा न् काटा काढला. सकाळी पेपर चष्म्याशिवाय वाचतात. जाळ्याच्या सुईत दोरा ओवतात. माझ्याहून चांगलं दिसतं त्यांना.

१८ नोव्हेंबर

झोप नीट नाही. आज वेड्यासारखं एक केलं. नांगरलेल्या दोन होड्यांमधलं अंतर काठीने मोजून आले – अठरा फूट. मग खडकावरून चारशेवर त्यांचा फोटो. त्यातही मध्ये फट दिसते. थोडीशी, पण दिसते.

रविवारच्या फोटोत फट नाही.

म्हणजे? म्हणजे काहीच नाही. कोन वेगळा होता.

२० नोव्हेंबर

बोटीवर गेले. "किल्ल्यावरून फोटो हवे आहेत," म्हटलं. एका शाळेची सहल होती. बावीस माणसं, त्यातली सोळा मुलं.

मी मुद्दाम अब्बांच्या डावीकडे बसले. बाटली काढली, हळूच त्यांच्या कानाच्या रेषेत धरली. काही नाही. थोडी पुढे. काही नाही. गालाच्या पुढे, जवळजवळ नाकासमोर आणली तेव्हा दचकले – "अगो, काय करतंस!"

काका माझ्याकडे बघत होता.

मुलं किल्ल्यात गेल्यावर त्याला गाठलं. त्याने आधी विडी पेटवली. "दोन वर्सां झाली," म्हणाला. "समोरचा सगळा दिसता तेका. बाजूचा दिसना नाय. माका शपथ घातल्यान – घरात सांगा नको."

"डॉक्टर?"

"खंयचो डॉक्टर! म्हणता, डॉक्टर बोट बंद करतलो."

"काका, मुलं असतात बोटीवर!"

"मी आसंय मां बाजूक!"

एवढं सरळ बोलला! मी उठून मुलांमागे किल्ल्यात गेले.

२३ नोव्हेंबर

सांगितलं नाही. अम्मीलाही नाही.

रोज साडेसातला खडकावर. पक्षी समोरून जातात, मी 'जोहरा'च धरून ठेवते. कॅमेऱ्याला माणसाचा डोळा शोधायला लावलंय. इतक्या लांबून तो अब्बांचा डोळा शोधतो, छोटा चौकोन बरोबर त्यावर बसतो आणि हलत नाही. मी बघतेय तोवर काही होणार नाही – असं काहीतरी डोक्यात बसलंय. मूर्खपणा आहे, कळतं. तरी चौथी फेरी होईपर्यंत उठवत नाही.

प्राजक्ताचे पाच फोन. एका साखरपुड्याचे फोटो द्यायचे राहिलेत.

२६ नोव्हेंबर

अंगणात दोनदा तोंड उघडलं. दोनदा अब्बाच म्हणाले, "काय गो?" दोनदा म्हटलं, काही नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

आठवणही नको वाटते. तरी लिहिते.

सकाळी अम्मी सहज म्हणाली, "हरीक ताप आसा, आज येवचो नाय." चहा तसाच टाकून धावले. धक्क्यावर जायचं सोडून खडकाकडे का धावले? सवय! पोचले तेव्हा बोट सुटलेली. अब्बा एकटे, समोर दहा-बारा माणसं, लाल जॅकेटं. फोन लावला. इंजिनच्या आवाजात कुठला ऐकू येणार.

कॅमेरा डोळ्याला लावला. डावीकडे दाजी – एकट्याने होडी नेऊन जाळं ओढणारा म्हातारा. पाठ बोटीकडे, वाकून जाळं आत घेत होता. मला दोघं दिसत होते. त्या दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. मी ओरडले. अर्ध्या किलोमीटरवरून! गळा फाटला नुसता.

'जोहरा' होडीच्या उलांडीवर चढली. तोल धरणारं ते लांब लाकूड काडीसारखं मोडलं. दाजी पाण्यात. मग लोक उभे राहिले, कोणीतरी हात दिला, ओढून घेतलं. वाचला. कोपरापासून मनगटापर्यंत सोललंय, हाड सलामत.

आणि मी? शटरवरचं बोट मी काढलंच नव्हतं. त्रेसष्ट फोटो! म्हातारा बुडत होता आणि मी फोटो काढत होते. काढत होते असंही नाही – बोट दाबलेलंच राहिलं. कोणाला पटेल? मलाच पटत नाही.

१ डिसेंबर

धक्क्यावर सगळे दाजीवरच उलटलेत. "बोटींच्या वाटेत जाळा कित्याक घातलंस?" "मुनव्वरची काय चूक? तीस वर्सां बोट चलयता तो." मुनव्वर म्हणजे अब्बा, मधोमध बसलेले. मान हलवली त्यांनी. हो म्हणून हलवली!

दाजी? हाताला फडकं गुंडाळून एका टोकाला उभा होता. जाळं वाटेत नव्हतंच. फोटोंत किल्ल्याचा बुरूज आहे, खडक आहेत, सगळं स्पष्ट. वाट सोडली ती 'जोहरा'ने.

त्रेसष्ट फोटो फक्त माझ्याकडे. पुसून टाकले तर कोणाला कळणार नाही. संध्याकाळी कार्ड कॅमेऱ्यात घातलं, काढलं, घातलं.

२ डिसेंबर

दाखवले.

अम्मी मसुऱ्याला मावशीकडे गेली होती. अब्बांना लॅपटॉपसमोर बसवलं आणि पहिल्यापासून एकेक सरकवत गेले. पंधराव्याला म्हणाले, "थांब." वाकून बघितलं. पडदा समोर होता, त्यामुळे सगळं दिसलं त्यांना.

"दाजी एवढो जवळ होतो?"

"हो."

मागचे दोन फोटो परत लावायला सांगितले. मग, "तूच म्हणालेलंस मां, ह्या लेन्सात सगळा चिकटान दिसता?"

वाट दिली होती त्यांनी. मला आणि स्वतःला. हो म्हटलं असतं तर विषय संपला असता, आणि बाप-लेक दोघंही सुखाने जेवलो असतो.

"दाजीचो हात लेन्सान नाय सोललो, अब्बा."

उठले. वाटलं, ओरडतील. जन्मात हात उगारला नाही त्यांनी, पण आज वाटलं. दारापर्यंत गेले, चौकटीला डावा खांदा आपटला, तिथेच उभे राहिले.

"हरीन सांगल्यान?"

"मी आधीच बघितलं होतं. फोटोत."

"कधी?"

"नोव्हेंबरात."

"आणि गप रवलंस."

 म्हणजे दाजीच्या हाताला मीही जबाबदार आहेच.

"बोट बंद झाली तर मी काय करू गो?" हे त्यांनी दाराला विचारलं, मला नाही. पाठ माझ्याकडे होती. खांदे हलत होते. मी जवळ जाऊ की नको हे ठरवेपर्यंत ते बाहेर पडले.

३ डिसेंबर

काल ते दाजीकडे गेले होते! आज काकाकडून कळलं. अंगात ताप असताना त्यालाही सोबत नेलं. दाजीच्या ओट्यावर बसून, शेजारीपाजारी ऐकत असताना सांगितलं, "चूक माजी. माका बाजूचा दिसना नाय." दाजी म्हणे आधी रागाने आत निघून गेला. मग दोन खुर्च्या घेऊन बाहेर आला.

आज दोघं मिळून नवी उलांडी तासतायत. अब्बा तासतात, दाजी बऱ्या हाताने चुका दाखवतो.

काकाचा ताप उतरलाय, 'जोहरा'चं सुकाणू आता त्याच्याकडे. अब्बा बोटीवर गेले नाहीत. धक्क्याकडे पाठ करून बसले होते.

५ डिसेंबर

कुडाळ. डोळ्यांचे डॉक्टर. काचबिंदू. "गेलंय ते परत येणार नाही. राहिलंय ते थेंबांनी टिकवू." डावी बाजू जवळजवळ संपली, उजवी अर्धी. बाजूने आडवं येणारं या नजरेला अगदी समोर येईपर्यंत दिसत नाही, डॉक्टर म्हणाले. अब्बांनी शांतपणे विचारलं, "म्हंजे हरी नसतो तर अपघात कधीचोच झालो असतो?" डॉक्टरांना कळलं नाही हरी कोण. मला कळलं.

परत येताना गाडीत हलके वाटले मला ते. डाव्या बाजूने जाणारी झाडं बघायला सारखी मान वळवत होते.

डॉक्टरांनी सांगितलंय, घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या, हे पुढच्या पिढीत उतरतं. अम्मी म्हणते, "तू आधी जा." बघू. साखरपुड्याचे फोटो द्यायचेत, प्राजक्ता वैतागलीय.

८ डिसेंबर

समुद्री गरुड, पंजात मासा! धारदार. महिनाभरात पहिल्यांदा फक्त पक्षी बघितला. अब्बा आज खडकावर सोबत होते. "माका बघूक दी," म्हणाले. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून खूप वेळ बसले. काय दिसतंय विचारलं तर, "हरी सुकाणू सैल धरता."

१२ डिसेंबर

एकटीच जाऊन आले कुडाळला. दिवा दिसला की बटण दाबायचं, अशी तपासणी. कागदावर उजव्या डोळ्याचं वर्तुळ पांढरं. डाव्याच्या वर्तुळात कडेला काळा डाग. "सुरुवात आहे. लवकर आलात," डॉक्टर म्हणाले. एकतिसाव्या वर्षी.

अब्बांनी दारातच विचारलं, "तुजा काय म्हणालो?"

"सगळा बरा आसा," म्हटलं.