ओवाळणीतली गधैया नाणी

सेम्बावांग, सिंगापूर
२९ सप्टेंबर १९९६

प्रिय धैर्यशील,

अनेक आशीर्वाद. आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, तेल चोळून घे, नुसती कुरकुरू नकोस. इकडे आम्ही मजेत. खालच्या मजल्यावरच्या स्मितावहिनी मुंबईला निघाल्यात, हे पत्र त्या तिथूनच पोस्टात टाकतील.

केळीच्या शेतात चर खणताना सापडलेल्या नाण्यांवर कागद ठेवून, पेन्सिल घासून तू काढलेले ठसे छान उमटलेत. पण शहाण्या, तू ज्याला मोर म्हणतोस तो राजाचा चेहरा आहे. नाणं उलटं धरलंस. जुन्या इराणी नाण्याची नक्कल, मग नकलेची नक्कल. होता होता नाकाची रेघ झाली आणि ओठांचे ठिपके. मागे अग्निवेदी आहे. चांदीचा तुकडा साच्यावर ठेवून वरून हातोडा घालायचे, म्हणून कडा वेड्यावाकड्या आणि अर्धा ठसा नाण्याबाहेर. गधैया म्हणतात ह्यांना. हजारेक वर्षांपूर्वीची. एम.ए.ला असताना मी असली ओंजळभर हाताळली आहेत. ढिगाने सापडतात.

हे मी तुझ्या दाजींना सांगितलेलं नाही. अशी नाणी जगात मोजकीच आहेत, असं सांगितलंय.

हो, चक्क खोटं बोलले. मागच्या पत्रात ‘ह्यांचे मित्र दिलीप बोटीवर असतात, त्यांच्याबरोबर नाणी पाठव’ असं होतं ना, ते अक्षर माझं, मजकूर ह्यांचा. माझं प्रत्येक पत्र हे वाचतात, मगच ते पोस्टात पडतं. इथल्या युनिव्हर्सिटीत जुनी नाणी ओळखायचं काम मिळत होतं, तर ह्यांनी परस्पर फोन करून नको म्हणून कळवलं. माझा पासपोर्ट ह्यांच्या गोदीतल्या ऑफिसात, कुलपात. मारत-बिरत नाहीत रे. ‘बाहेर तुझं काय अडलंय?’ एवढंच विचारतात. चार वर्षं हेच ऐकतेय. मी पार घुसमटून गेलेय.

आता नीट ऐक. दाजींना पत्र लिही, मला नको. लिही, की शेतातली लक्ष्मी लेकीच्याच हातात पडावी असा आईचा हट्ट आहे. नाणी भाऊबीजेला ताईच्या ताटात ओवाळणी म्हणूनच घालणार, दुसऱ्या कोणाला देणार नाही. हे चिडतील, पण हाव सुटायची नाही. तिकीट काढतील, पासपोर्टही देतील.

नाणी मात्र मी यायच्या आधीच तहसीलदाराकडे जमा कर. कायदाच आहे तसा. आणि तोवर चिंच लावून घासत बसू नकोस, ठसा जाईल.

परतीचं तिकीटही हे काढतीलच. ते मी वापरणार नाही. आईला हे तूच सांग, माझ्याने लिहवत नाही.

तिथे मला जागा आहे की नाही, हे वेगळं कळवू नकोस. तुझं पत्र ह्यांच्या नावाने आलं, म्हणजे आहे असं समजेन. पत्रपेटीची किल्ली ह्यांच्याकडे असते, पण ह्यांच्या आदळआपटीवरून मला कळेल. नाहीच आलं, तरी तुझ्यावर माझा राग नाही.

ह्यांच्या चिडण्याची वाट बघणारी,
तुझी वीणाताई