मानेवरचा हात

१२ ऑगस्ट, सोम.
रिसोडला आणखी एका डॉक्टरांकडे जाऊन आले. सोनोग्राफी, रक्त, सगळं नॉर्मल. "बाई, गळ्यात काही नाही. तुम्ही मनाच्या डॉक्टरांना दाखवा." वाशिमच्या एका मॅडमचं नाव सांगितलं. राग आला. मी काय वेडी आहे?
"काही नाही" ऐकून गाडीत बरं वाटलं. आमच्या केनवडला उतरेपर्यंत टिकलं. मग वाटलं, डावी बाजू त्यांनी नीट पाहिलीच नाही.
मोठी ताई गेली त्याला दीड वर्ष. तिचंही आधी "काही नाही"च होतं. घसा बसला म्हणून मध-हळद चाटत राहिली, आणि निघाला गळ्याचा कॅन्सर.
माझ्या पार्लरमध्ये तीन भिंतींना आरसे. बाई उठून गेली की मी, आरसा आणि माझी मान.

१७ ऑगस्ट
माझ्या इशूच्या शाळेतल्या बाई आयब्रो करायला आल्या. डोळे मिटूनच म्हणाल्या, "वनिताताई, इशू वर्गात सारखी मान चाचपते. दुखते का तिची?"
दोरा दातात होता म्हणून बोलता आलं नाही. बरंच झालं.
घरी इशूला विचारलं. चौथीतली पोर. म्हणे, "तू नाही का पाह्यत? मंग म्या बी पाह्यतो. मावशीवानी झालं तं?"
बस. आता पुरे.

१८ ऑगस्ट
यांना सगळं सांगितलं. सोयाबीनमधलं निंदण पाहून आले होते, पाय धुवायचेही थांबले.
"मंग आता काय करतं?"
"वाशिमच्या त्या मॅडमकडे जातो."
"म्या काय म्हन्तो, लोकं काय..."
"लोकायले जाऊ द्या. पोरीचा हात पाह्यला का तुमी?"
पाय धुऊन आले. म्हणाले, जाय.

२२ ऑगस्ट
वाशिम. मॅडम माझ्याच वयाच्या निघाल्या. सगळं ऐकलं, मधे तोडलं नाही. मग संमोहनाचं बोलल्या. मी विचारलं, झोपवून मनातलं काढून घेता का? हसल्या. "तुम्ही जाग्याच असता. नको वाटलं तर डोळे उघडायचे, उठायचं."
"यानं बरं होते का?"
"काहींना मदत होते. काहींना नाही. नुसत्या संमोहनावर सोडून द्यायचं नाही. मानेला हात लावणं कमी करायचं, डॉक्टर बदलत फिरणं बंद. खरंच काही नवं दुखलं तर एका डॉक्टरला एकदा दाखवायचं."
खात्री दिली नाही. म्हणूनच पटल्या असतील.

२९ ऑगस्ट
पहिला दिवस फुकट. डोळे मिटले. पंखा ऐकू येतो, रस्त्यावर भाजीवाला ओरडतो. मॅडम म्हणतात खांदे सैल सोडा, मी विचार करते वॅक्सचा हीटर बंद केला की नाही.
तरी पुढच्या गुरुवारचं सांगून आले.

१ सप्टें.
सासूबाईंना कुठून तरी कळलं. "डोये मिटून पुतयावानी बसोते म्हने थे बाई. भानामती करत असन."
"आई, पोथी आयकतानी तुमाले घराचं भान राह्यते का?"
"नाई राह्यत."
"तसंच हाये थे."
पटलं नाही. पण आज डबा त्यांनीच भरून दिला.

५ सप्टें.
आज काहीतरी झालं. मॅडम म्हणाल्या, बिनधोक वाटेल अशा जागी मनानं जा. मला माहेर आठवलं. रिठदच्या घराची गच्ची, कुरडया वाळत घातलेल्या, मी कावळे हाकलते. ताई आठवेल असं वाटलं होतं. आठवली नाही. फक्त ऊन होतं.
मग म्हणाल्या, हात जड होतोय, मांडीवरच बरा आहे. खरंच जड झाला. ओल्या टॉवेलसारखा. उचलावासा वाटेना.
मोबाइलवर आवाज भरून दिलाय. रोज दुपारी पार्लरच्या पडद्यामागे ऐकायचा.

८ सप्टें., रवि.
महालक्ष्म्या तोंडावर, पार्लर भरलेलं. शोभाबाई फेशियलला. मेहकरच्या कुणाची तरी गोष्ट. "नुसता गया दुखे व त्याचा. अन् निघालं थेच."
त्या गेल्या. दार लावलं. आरसा, टॉर्च, डावी बाजू, उजवी बाजू. दाबून दाबून खरंच दुखायला लागलं, मग त्या दुखण्याचंच भ्यायला लागले.
लपवायचं नाही म्हणून लिहून ठेवते.
सायंकाळी दोन आरशांवर जुन्या साडीचे पडदे शिवून टाकले. बायकांना एक आरसा पुरतो.

१२ सप्टें.
मॅडमना सांगितलं, सगळं वाया गेलं. "का वाया? भीती पुसून जाईल असं मी म्हटलंच नव्हतं. ती आली की हातानं काय करायचं, एवढंच शिकतोय आपण."
बसले. गच्ची आली नाही. हात मात्र जड झाला.

२० सप्टें.
इशू जवळ आली. "आई, पाह्य ना, गाठ हाय का."
"नाही पाह्यत."
"एकडाव."
"नाही बेटा. गाठ नाही हे पाह्यलं हाये आपुन. आता नाही."
रडली. म्हणे तुले माही फिकरच नाही. मी भाकऱ्या थापत राहिले. थोड्या वेळानं अंगणात दोरीवरच्या उड्या सुरू झाल्या. तिला जमलं. मी मात्र दारातून तिच्या मानेकडेच पाहत राहिले.

३० सप्टें.
सोयाबीनची कापणी सुरू. बायकांचं जेवण घेऊन शेतात. दुपारी लक्षात आलं, सकाळपासून हात मानेवर गेला नाही. लक्षात आलं आणि गेला. एकटीच हसले.

७ ऑक्टो.
इशूला ताप. अंग पुसताना जबड्याखाली बोट अडलं.
गाठ.
माझ्या मनातली नाही. यांनाही लागली.

८ ऑक्टो.
रिसोड, लहान मुलांचे डॉक्टर. टॉर्च लावून घसा पाहिला. लालभडक. "घशात इन्फेक्शन आहे, त्यानं गाठ सुजते. औषध पूर्ण द्या. पंधरा दिवसांनी दाखवा. मधे ताप चढला, गाठ वाढली, गिळता येईना, तर लगेच आणा. पण उठसूट दाबून पाहू नका."
एकदा विचारलं, दुसरं काही नाही ना. "तसं वाटत नाही. पंधरा दिवसांनी पाहू."
दारापर्यंत आले, परत वळले. परत विचारायचं होतं. यांनी काही न बोलता इशूला कडेवर घेतलं. बाहेर पडलो.

१५ ऑक्टो.
ताप गेला. पोळी चांगली खाल्ली. गाठ? वरून तर वाढलेली दिसत नाही. हात लावला नाही.
सासूबाई, "काहून पाह्यत नाही व? माय हायेस का कोन?"
"माय हावो म्हनून नाही पाह्यत."
दुपारी मोबाइलवरचा आवाज लावला. आज काहीच झालं नाही. हात जड नाही, काही नाही. मॅडमचा आवाज म्हणजे नुसता आवाज. संपेपर्यंत बसून राहिले. मग उठून शोभाबाईंच्या केसांना मेंदी लावली.

२२ ऑक्टो., मंगळ.
उद्या दाखवायचं. इशूचा शाळेचा ड्रेस धुऊन वाळत घातलाय, डॉक्टरांकडून तिला परस्पर शाळेत सोडायचं म्हणते.
आत्ता हे विचारून गेले, "भेव वाटून राह्यलं का?"
"हो."
"लय?"
"लय."
"मंग म्या येतो संगं."
"या. पन डॉक्टरले म्या इचारीन. एकडावच इचारीन."