पटावरची दोन नावं

२१ जुलै
पोचलो एकदाचे अंथुर्ण्याला! दोन मुलं, पाच बॅगा आणि एक आई. नवरा मागे राहिलाय – हॉलंडमधल्या काचघरांतले टोमॅटो त्याला सोडवत नाहीत. दहा ऑगस्टला येतो म्हणाला. टोमॅटोला वाढायला तज्ज्ञ माणूस लागतो, मुलं बहुधा आपोआप वाढत असावीत.

छकुली विमानात चार तास रडली. शेवटी शेजारचे गृहस्थ उठून मागे कुठेतरी उभे राहिले ते मुंबईपर्यंत. राजवर्धन सात वर्षांचा, त्यामुळे रडला नाही. "अजून किती?" एवढंच विचारत राहिला. साठएक वेळा.

सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. छकुलीने तो मन लावून उचलून आणला – खाली पडलेलं अन्न उचलायचं, असं तिकडच्या शाळेत शिकवलंय. परत ओवाळावं लागलं.

२२ जुलै
सकाळी चहा पिताना अप्पा मुलांना म्हणाले, "उद्यापास्नं शाळंत जायचं बरं का!" मी हसले. सासऱ्यांच्या विनोदाला हसायची सवय आहे मला.

२३ जुलै
विनोद नव्हता.

वस्तीवरच्या शाळेच्या पटावर माझ्या दोन्ही मुलांची नावं आहेत! जूनपासून! पहिलीत संस्कृती (म्हणजे आमची छकुली – हे नाव तिला स्वतःलाही नीट माहीत नाही), दुसरीत राजवर्धन. अप्पा शाळेच्या समितीचे अध्यक्ष. शाळा म्हणजे दोन खोल्या, एक बाई आणि अठरा पोरं.

"विसाच्या खाली गेली की बंद करणार म्हणत्यात," अप्पा म्हणाले.
"मग?"
"मग काय? आपली दोन हायेत की."
"अप्पा, ती हॉलंडमध्ये राहतात!"
"आत्ता तर हितंच हायेत. ही काय, गोठ्यात."

खरंच गोठ्यात होती.

पट मोजतात सप्टेंबरअखेर. आमचं विमान एकोणतीस ऑगस्टचं. एक सप्टेंबरला तिकडची शाळा. तिथे एक दिवस मूल शाळेत नसलं की विचारायला माणूस येतो, दंड करतो. आजी मेली म्हटलं तर आजीचे कागद मागतात. हे सगळं अप्पांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक म्हयन्याचा तर सवाल हाय."

ठरलं. नावं काढायची. आणि मुलं एकोणतीसला विमानात बसणार.

२५ जुलै
विजयसिंहचा फोन. सगळं सांगितलं. म्हणाला, "अप्पांशी वाद घालू नको. मी आल्यावर बघतो." अकरा वर्षांच्या संसारात 'मी आल्यावर बघतो' या खात्यावर एवढी कामं साठलीत की तो आल्यावर आधी ती यादीच बघावी लागेल.

मग म्हणाला, "पोरांना करमतंय का तिथं?" हे दोनदा विचारलं. मला करमतंय का, हे एकदाही नाही!

२८ जुलै
नावं काढायला शाळेत गेले. वाक्यं पाठ करून. राजेश्वरीबाई खिचडीचे तांदूळ मोजत होत्या, एक डोळा पहिलीच्या पाट्यांवर, दुसरा तिसरीच्या मारामारीवर. मला बघून म्हणाल्या, "बरं झालं आलात ताई, चौथीचा भागाकार जरा बघता का? पाचच मिनिटं."

दीड तास बघितला. तिथल्या सोनबा नावाच्या पोराला बाकी उरली की राग येतो. "ह्ये उरलंच कसं?" म्हणून मलाच विचारत होता. मी वालचंदनगरच्या कॉलनीत वाढले, गणितात पहिली यायचे. पण बाकी का उरते, हे काही मला सांगता आलं नाही.

घरी आल्यावर आठवलं, नावांचं बोलायचंच राहिलं.

३० जुलै
मुलं आज शाळेत गेली. मी पाठवली नाहीत. वस्तीवरची पोरं न्यायला आली आणि ही दोघं अनवाणी पळाली. बूट दारात. हॉलंडात हेच बूट घालायला रोज वीस मिनिटांची चर्चा असते.

२ ऑगस्ट
छकुली म्हणाली, "मम्मा, मी हितंच बसणार हाय."

तीन वर्षं मी दर रविवारी हिला मराठीच्या वर्गाला नेते. चाळीस मिनिटं ट्राम. चित्रांची कार्डं. 'हा आंबा आहे. ही गाय आहे.' आणि चार दिवसांत ही वस्तीवरून अख्खी भाषा उचलून घरी आली, वर हेल काढून! मला आनंद व्हायला हवा होता. झाला राग. बहुधा ट्रामचा.

सासूबाई म्हणाल्या, "पोरगी किती ग्वाड बोलाय लागली!" मी म्हटलं, "'गोड' म्हणतात." त्या म्हणाल्या, "व्हय. ग्वाडच म्हनलं मी."

६ ऑगस्ट
डोकं लावलं. नावं नुसती काढली तर शाळा बंद होण्याचं पाप माझ्या माथी. त्यापेक्षा दोन खरी पोरं आणून द्यायची आणि आपली दोन सोडवून घ्यायची. सरळ अदलाबदल.

वस्तीच्या टोकाला झुंबरचं डाळिंब आहे. त्याची दोन पोरं साडेसहाला पिवळ्या गाडीत बसून बारामतीला इंग्रजी शाळेत जातात. पेंगत जातात, पेंगत येतात. गेले. ओसरीवर बसून चांगलं अर्धा तास बोलले – मातृभाषा, घराजवळची शाळा, मुलांची झोप. हॉलंडमध्ये सगळी मुलं जवळच्याच शाळेत जातात, मंत्र्यांचीसुद्धा सायकलवरनं, हेही सांगितलं. झुंबर मान डोलवत होता. मला वाटलं, जमलं!

त्याची बायको उत्कर्षा आतून चहा घेऊन आली. कप पुढे ठेवला आणि म्हणाली, "ताई, तुमची पोरं हॉलंडात शिकणार, आन् आमच्यांनी तेवढं वस्तीवर बसायचं व्हय?"

झुंबर म्हणाला, "आगं, पाव्हण्यांस्नी आसं बोलत्यात का?"

"पाव्हण्या कशाच्या? पटावर नावं हायेत की त्यांच्या पोरांची!"

मी चहा प्यायले. फार गरम होता, पण पीतच राहिले, कारण तोंडाला दुसरं काम नव्हतं.

७ ऑगस्ट
उत्कर्षाला द्यायची तीन उत्तरं लिहिली, तिन्ही खोडली. माझ्यावर हे लिहायची पाळी यावी!

११ ऑगस्ट
विजयसिंह काल आला. आल्याआल्या अप्पांबरोबर मळ्यात गेला तो अंधार पडता पडता परत. कपड्यांना चिखल, चेहऱ्यावर असं काही तेज की टोमॅटोंनी बघितलं असतं तर रुसले असते. "अप्पांशी बोललास?" म्हटलं. "कशाबद्दल?" म्हणाला. मी नुसतं बघितलं. मग म्हणाला, "बोलतो ना."

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. राजवर्धनने भाषण केलं. चार वाक्यं, चारही मराठी, चौथं विसरला तेव्हा मागून अख्खी शाळा एका सुरात ओरडली आणि त्याने ते पकडलं. खाली येऊन मला म्हणाला, "ते माझ्यासाठी ओरडले!" तिकडे वर्गात हा मागच्या बाकावर गप्प बसतो. 'शांत मुलगा' असा शेरा येतो दर वर्षी. आम्ही तो कौतुक म्हणून फ्रिजवर लावतो.

अप्पा टोपी घालून कडेला उभे होते. बोटाने पोरं मोजत होते. दोन वेळा मोजली. वीस भरल्यावर बोट खाली घेतलं.

हे लिहून ठेवतेय याचा अर्थ मी पाघळले असा नाही. एकोणतीस म्हणजे एकोणतीस.

१८ ऑगस्ट
अप्पांशी भांडले. सगळ्यांसमोर. विजयसिंह 'बोलतो ना'च्या पुढे सरकत नाही म्हटल्यावर मीच तोंड उघडलं. म्हटलं, "मला न विचारता माझ्या मुलांना आकडे केलंत तुम्ही! आई आहे ना मी त्यांची, का फक्त आणून सोडणारी गाडी?"

अप्पा टोपी चाचपत खाली बघत बसले. हा माणूस साखर कारखान्याच्या सभेत अध्यक्षांना उभं करून जाब विचारतो! आतून सासूबाई म्हणाल्या, "आवं, सांगून टाका की एकदाचं."

"तू गप," अप्पा म्हणाले. मग मला म्हणाले, "चुकलं माझं. काढा नावं."

विजयसिंह उठून गोठ्याकडे गेला. वैरणीची वेळ नव्हती.

जिंकले तर मीच. मग जेवण का गेलं नाही?

२१ ऑगस्ट
बॅगा निम्म्या भरल्या. अर्जही लिहिला, स्वच्छ अक्षरात – पाल्यांची नावे पटावरून कमी करावीत, ही विनंती. उद्या शाळेत नेऊन देणार. सोनबाच्या भागाकारात अडकणार नाही.

राजवर्धन अर्ज वाचत होता. जोडाक्षरांसकट! "आपण गेल्यावर शाळा बंद होणार? माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे नाही रे. हे मोठ्या माणसांचं असतं सगळं."

"तू मोठी आहेस ना?"

बॅगेची चेन नादुरुस्त आहे की काय, ती बघत बसले.

२२ ऑगस्ट
अर्ज दिला. राजेश्वरीबाई म्हणाल्या, "ज्यांनी दाखल केलं त्यांचीच सही लागंल ताई," आणि कपाटातून प्रवेशाचा कागद काढला. हॉलंडहून स्कॅन करून पाठवलेला. तारीख तीन जून. पालकाची सही अप्पांची नाही. विजयसिंहची.

दोन्ही कागद घेऊन तशीच मळ्यात गेले. तो पाणी धरत होता. मला बघितलं, हातातला प्रवेशाचा कागद बघितला, आणि फावडं टेकवून उभा राहिला. मी त्याच्या सहीवर बोट ठेवलं. म्हटलं, "तुला हॉलंडला परत जायचंय का?"

अकरा वर्षांत हे मी पहिल्यांदा विचारलं.

"न्हाय," तो म्हणाला.