वड्यांच्या वाटणीचं ऊन

बीरगांव, रायपूर
गुरुवार, डिसेंबर

आदरणीय मंदाकिनीताईस,
धाकट्या प्रल्हादचा सविनय जय भीम. तुझे गुडघे थंडीत बरे वागतात ना? इकडे विनीता आणि तुझा भाचा ओजस खुशाल आहेत. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर बोलू लागलो की विनीता शेजारी उभी राहून माझी वाक्यं दुरुस्त करते, म्हणून पत्र.

तर ताई, मला एकसष्टावं लागलं. बाबा याच वयात हृदयाने गेले, हे तूही विसरली नाहीस आणि मीही नाही. म्हणून जिना चढताना छाती जड होऊ लागली तेव्हा गुपचूप डॉक्टर निवेदिताबाईंना दाखवून आलो. ड जीवनसत्त्व नऊ निघालं (वीस तरी हवं म्हणे, गणितातही मला एवढेच पडायचे). चौतीस वर्षं रेल्वेच्या रेकॉर्ड रूममध्ये ट्यूबलाइटखाली काढल्यावर दुसरं काय निघणार? मी विचारलं, म्हणजे छातीचं मूळ हेच ना? बाई म्हणाल्या, हृदयरोग्यांत ते पुष्कळदा कमी सापडतं, पण ते भरून काढल्याने हृदय वाचतं असं सिद्ध झालेलं नाही. तुम्ही रेल्वेतले ना, फलाटावर गर्दी दिसली की गाडी यायची वेळ झाली समजावं, पण आपण गर्दी जमवली म्हणून गाडी येत नाही. मग त्यांनी आठवड्याला एक पुडी, थोडं ऊन आणि हृदयासाठी सरकत्या पट्ट्यावर चालायची (ट्रेडमिलची) तपासणी लिहून दिली, आणि ती लवकर करा असं दोनदा बजावलं. पुडी आणि ऊन मी घेतलं. तपासणीची चिठ्ठी कपाटात ठेवली. (गर्दी जमवून पाहायला काय हरकत होती?)

ऊन फुकट मिळतं असा तुझा समज असेल. आमच्या बिल्डिंगमध्ये डिसेंबरातलं दहा ते दोनचं ऊन बायकांच्या मालकीचं आहे. गच्चीभर रखिया बडी वाळत असते (आपल्या कोहळ्याच्या वड्याच, पण इथे त्यांना जावयापेक्षा जास्त मान). गच्चीचा कारभार खालच्या माया दीदींकडे. त्यांनी मला कोपरा दिला तो बोलीवर, "भैया, बैठो, पर बंदर देखना." बसलो बनियन घालून, लुंगी खोचून, काठी घेऊन. तिसऱ्या दिवशी माझी तापलेली पाठ पाहून त्या माउलीला कळवळा आला आणि तिने माझ्यावर एक भली मोठी छत्री बांधून दिली. इतक्या मायेने बांधलेली छत्री नको कशी म्हणायची? तीन आठवडे मी सावलीत राखण केली आणि ऊन सगळं वड्यांनी घेतलं.

परवा वानरं आली. मी काठी उगारून धावलो आणि दहा पावलांत छाती अशी आवळली की टाकीला टेकून खालीच बसलो. वानरं माझ्यादेखत निवांत खात होती. माया दीदी धावत आल्या तेव्हा मी म्हटलं, "कुछ नहीं दीदी, बेचारों पर दया आ गई." त्यांनी माझा कोपरा काढून घेतला. रिटायर झाल्यावर नोकरी जाणारा आपल्या घराण्यात मीच पहिला.

बाकी ठीक. थोरांना जय भीम, लहानांना आशीर्वाद.
तुझा
प्रल्हाद

ता. क. : ती तपासणी करायची आहे ताई, आणि मला भीती वाटते. बाबांच्या वेळी मी ड्युटीवर होतो, दवाखान्यातल्या बाकावर तू एकटी बसली होतीस. कशी बसली होतीस, हे मी आजवर विचारलं नाही. या वेळी बाहेर तू असावीस. विनीताला कळू देऊ नकोस, ती घाबरेल.

ता. क. दुसरा (विनीताकडून) : ताई, हे पत्र यायनं टपालात टाकाले माझ्याचजवळ दिलं, पाकीट उघडंच. चिठ्ठी मले कपडे ठेवताना दिसली होती. आज सांगतील, उद्या सांगतील म्हणून थांबली, चुकलंच माझं. परवाचं माया दीदीनं सांगितलं तसा तपासणीचा सोमवारचा नंबर लावला. पत्राचा फोटो ओजस पाठवून राहिला, सोबत तुमचं तिकीट बी. मी घाबरली हे यायले सांगू नका. लवकर या, बाकावर मले एकटीनं बसवत नाही.