चार आण्यांवरच्या सासूबाई

बोळिंज, ता. १२ मे १९८१

प्रिय बेटीबाय हिला धाकट्या मटिल्डाचा सप्रेम नमस्कार.

देवाच्या कृपेने आम्ही सगळी खुशाल आहोत. भावोजींचा गुडघा कसा आहे? सांताक्रूझच्या त्या जिन्यांवरून त्यांना कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी पळवत जाऊ नकोस. माझं विचारशील, तर मानेच्या वर आणि कमरेच्या खाली मी उत्तम आहे. मधला भाग मात्र सरकारने कामाला लावला आहे.

त्याचं असं झालं. नवीन चार आणे तू पाहिलेच असतील. एका बाजूला तीन सिंह (चौथा मागे असतो म्हणे, म्हणजे काम निघालं की आमचे हे ॲन्सेल्मराव असतात तिथेच). दुसऱ्या बाजूला एक बाई जात्यावर दळते आहे आणि भोवती अक्षरं आहेत, ग्रामीण महिलांची प्रगती अशा अर्थाची. प्रगती कुठे बसून करायची ते दिल्लीच्या साहेबांनी एकदाचं दाखवून दिलं, उपकार झाले. मी उगाच अकरावीपर्यंत शिकले. तर ॲन्सेल्मने हे नाणं घरी आणलं आणि दोन दिवसांत अख्ख्या आळीत झालं की ती बाई म्हणजे आमच्या सासूबाई. पुरावाही निघाला. धाकट्या दिराच्या लग्नात वड्यांचे तांदूळ दळायला आमच्याच ओट्यावर बायका बसल्या होत्या, तेव्हा मुंबईच्या एका पाहुण्याने सासूबाईंचा फोटो काढला होता. तो आम्हाला काही मिळाला नाही, म्हणजे सरकारलाच मिळाला असणार!

आता ते नाणं अल्तारावर मरियामातेच्या पायाशी आहे. शेजारच्या कृष्णाबाई दर्शनाला आल्या आणि नाक हुबेहूब आहे म्हणाल्या. (नाण्यावरचं नाक तिळाएवढंसुद्धा नाही. त्यांना चहा हवा होता.) कोणी आलं की सासूबाई जात्याशी तशाच तिरप्या बसतात, आणि पाहुणे गेले की उठतात. मग तिथे मी बसते. ज्या घरातली बाई नाण्यावर गेली, त्या घरात चक्कीचं पीठ येणार नाही, असा हुकूम सुटला आहे.

हेही सोसलं असतं गं. पण मनवेलपाड्याच्या बालवाडीत मला शिक्षिकेची जागा मिळाली आहे, एक जूनला हजर व्हायचं आहे. नेमणुकीचं हे पत्र मी चार वर्षं मागत होते, बाय. सासूबाई म्हणतात, सरकारने बाईची प्रगती घरात दाखवली आहे, मग मनवेलपाड्याला कशाला जायचं? ॲन्सेल्म दोघींचंही बरोबर आहे म्हणतो आणि वाडीत केळी बघायला निघून जातो.

भावोजींना नमस्कार, मुलांना गोड पापे.

तुझी,
मटिल्डा

ता. क. खरं सांगते, रागावू नकोस. ती बाई म्हणजे तुम्हीच, असं सासूबाईंना पहिल्यांदा बोलले ती मीच. नोकरीची परवानगी मागण्याआधी जरा लोणी लावावं म्हटलं, तर ते नको तितकं लागलं. तू रविवारी चर्चमधली मिसा झाल्यावर ये. चष्मा लावून नाणं नीट बघ आणि ती त्या नव्हेतच, असं चारचौघांत सांग. तुझ्या शब्दाला इथे मान आहे.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात सासूबाई शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "ती मी नाय. मना पयल्याच दिशी समजला." मग नाणं का मिरवता, असं मी विचारलं. "चाळीस वर्सं दळला. कोनी बघितला पन नव्हता." मग त्याच आपणहून नोकरीला हो म्हणाल्या. एक तारखेपासून मी बालवाडीत जायचं ठरलं आहे. तांदूळ त्या स्वतः डोक्यावरून चक्कीवर नेणार आहेत, मागच्या वाटेने, कृष्णाबाईंना दिसू नये म्हणून. तेव्हा रविवारी ये, पण चष्मा घरीच ठेव. आणि त्यांनी नाणं पुढे धरलं, की नाक हुबेहूब आहे म्हण.