रिकाम्या रस्त्याभोवती चौकट

शोळिंगनल्लूर, चेन्नई

तीर्थरूप बाबा,
साष्टांग नमस्कार. मी मजेत आहे, सांबारही आवडू लागलंय.

सिनेमा लागला की तुम्ही गोष्ट सोडून गाड्या ओळखायचात. आता माझी नोकरीच ती. जुन्या स्पॅनिश सिनेमांतल्या विदेशी गाड्या हुडकायच्या आणि कॉम्प्युटरला शिकवायला प्रत्येकीभोवती चौकट काढायची. आवाज बंद, खोलीला खिडकी नाही. एसी मात्र गार.

काल एक ब्यूक वळणापलीकडे निघून गेली, तरी मी रिकाम्या रस्त्याभोवतीच चौकटी काढत बसलो. साहेब म्हणाले, "गाडी कुठाय?" तेवढ्यात मी रजेचं विचारलं. 'पाहू' म्हणाले.

आईचा गुडघा कसाय? इराला सांगा, लग्नात नवऱ्याचा कान पिळायला तिचा भाऊ येणारच.

पण हळूच मकरंदलाही विचारून ठेवा. चुलत असला तरी भाऊच.

तुमचा,
शार्दूल