चिमीचे हात

अंबरनाथ पूर्व
९ नोव्हेंबर १९९४

प्रिय सुदामदादा,

जय भीम. इकडे आम्ही बरे आहोत. तुझ्या मेव्हण्याची, किसनची, या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे. वहिनीच्या गुडघ्याला आराम पडला का? आमच्या नळाला पाणी एक दिवसाआड येतंय, तरी तुझ्या लेकीच्या धुण्यावरून मी अजून एकदाही ओरडलेले नाही. हे आधीच सांगते, कारण परवा माझ्या दारात उभा राहून तू विचारलंस, "पोरीला लाडावून ठेवतेस का?"

समोरासमोर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितेय. फाडू नकोस, वाच.

धम्मचक्र दिनाला तुझ्या कात्रपच्या घरी जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. वंदना झाली, मंडळाची माणसं चहाला घरी आली. भिमाबाई मावशींनी कौतुकाने चिमीच्या गालावरून हात फिरवला, आणि पोरगी मोरीत जाऊन गाल घासायला लागली. मावशींनी ते पाहिलं. "सुदामची लेक आमचा विटाळ मानते गं बाई!" झालं. चहा तसाच टाकून माणसं उठली. आणि तू, मंडळाचा सेक्रेटरी, सगळ्यांदेखत सतरा वर्षांच्या पोरीच्या कानाखाली काढलीस. "आपल्या आज्याने ज्यांचं सोसलं, त्यांची थेरं माझ्या घरात?"

मावशींवर माझा राग नाही. गावच्या विहिरीवर जिला लांब उभं केलं, त्या बाईला दुसरं काय वाटणार? राग तुझ्यावर आहे. तू तिच्याबरोबर एका घरात राहतोस. चिमी आईला शिवली तरी हात धुते, स्वतःच्या वह्यांना शिवली तरी धुते. अरे, साबण धुते रे ती! साबणाला कुठली जात असते?

म्हणून मी तिला इकडे घेऊन आले आणि उल्हासनगरच्या डॉक्टर बाईंकडे नेलं. सिंधी आहेत, अर्धं हिंदीत बोलतात. माझी त्यांची आधीची ओळख, ते असो. त्यांनी चिमीचे हात बघितले. नुसते सोललेत. म्हणाल्या, "बेटा, हात धुतले की मेंदू सांगतो, बस, हो गया. तुझ्या मेंदूत तो निरोप पोचत नाही. दाराच्या घंटीचं बटण आत अडकतं ना, तसं. घंटी बजती रहती है." मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक द्रव्य असतं, त्याच्या कामात गडबड होत असावी, गोळीने पुष्कळांना फरक पडतो, असं त्यांनी समजावलं. अजून सगळं आम्हालाही कळलेलं नाही, असंही स्पष्ट बोलल्या. आणि घराण्यात आणखी कोणाला असू शकतं, हेही.

चिमीने काय विचारलं माहीत आहे? "म्हणजे मी भिमाआजीला कमी लेखत नाही ना?" दादा, महिनाभर ती पोर स्वतःला पापी समजत होती. बाई "नाही" म्हणाल्या, तेव्हा ती अशी रडली की मला बघवेना.

हे सगळं परवा तुला सांगितलं, तर तू काय बोललास? रक्तातलं आहे हे कुठे बोलू नकोस, गोळ्या बंद कर, रविवारी सोनिवलीची माणसं बघायला येताहेत, लग्न झालं की जाईल. घराण्याला डाग लागेल. चिमी आत ओट्याशी उभी होती, सगळं ऐकलं तिने. लाज नाही वाटली तुला? तुमचं रक्तच अशुद्ध, हे आपल्याला पिढ्यान्पिढ्या ऐकवलं गेलं. त्यावर तू स्टेजवरून भाषणं ठोकतोस, टाळ्या घेतोस, आणि घरी येऊन स्वतःच्या मुलीला तेच ऐकवतोस! मेंदूतल्या एका द्रव्याची गडबड, त्यात डाग कसला? तुला डायबेटीस आहे, त्याचा लागला का डाग कुणाला?

आईला आठव. चूल विझली का बघायला ती बिचारी अर्ध्या वाटेवरून घरी परत यायची, आणि आबा तिला चारचौघांत वेडी म्हणायचे. तेव्हा कोणी सांगणारं नव्हतं. आज आहे, तर तू कान बंद करून बसलायस.

चिमी रविवारी येणार नाही. तिची बारावी आहे, आणि गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतील. सोनिवलीच्या माणसांना तू आधीच नको म्हणून कळवलंस तर ठीक. नाहीतर मी येईन, आणि पोह्यांच्या बशा त्यांच्या हातात असतानाच सगळं सांगेन. ते विचारतील, घरात आणखी कोणाला आहे का? मी सांगेन, मला आहे.

हो, मला. गॅस बंद केला का बघायला मी जिन्यातून परत परत वर जायचे. टेलिफोन ऑफिसात लेट मार्क पडायचे, मेमोसुद्धा मिळाला. दोन वर्षं झाली, त्याच बाईंची गोळी घेतेय. किसनला ठाऊक आहे. तुम्हाला बीपीची म्हणून सांगत आले, कारण तुझी भीती वाटायची.

आता वाटत नाही. आज दुपारी चिमीलाही सांगितलं. "आत्या, तुला पण?" एवढंच म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

तेव्हा दादा, घराण्याचे डाग मोजायचेच असतील, तर माझ्यापासून सुरुवात कर.

तुझी धाकटी बहीण,
सुनंदा